‘सभ्य घरातली मुलं’: एका ठाणेकर वाचकाला उत्तर

पुरुषांमधल्या एचपीव्हीवर, म्हणजे चामखिळी आणि काही कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर, आणि त्याच्या लशीवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका ठाणेकर वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, सूर मात्र हेडमास्तरांचा. ती अशी: ‘सभ्य घरातल्या मुलांना असल्या गोष्टी सांगून काय मिळवलंत? बायकांचा आजार पुरुषांच्या गळ्यात मारताय. आपल्याकडे कॅन्सर तंबाखूने होतो, त्यावर लिहा. लशीची किंमत सोयीस्कर गाळलीत. माझा मुलगा नववीत आहे, त्याला मी ही लस देणार नाही. आणि तुम्ही डॉक्टर नाही, हे विसरू नका.’

साहेब, किमतीचा मुद्दा रास्त आहे. खासगी दवाखान्यात पूर्ण कोर्स हजारो रुपयांत जातो आणि तो आकडा वाचकाला हवा होता. हे मान्य.

आता ते पहिलं वाक्य.

‘सभ्य घरातल्या मुलांना’ म्हणजे नेमकं कोणाला? हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. त्याला आयुष्यात एकच जोडीदार पुरतो, आणि ती लग्नाची बायको असली तरी चालतं. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण झाकलेली नसलेली त्वचाही त्वचाच असते. २०२३ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यानुसार पंधरा वर्षांवरच्या साधारण तीन पुरुषांमागे एकाच्या जननेंद्रियांवर हा विषाणू सापडतो, आणि पाचांतल्या एकाला कॅन्सरशी संबंधित प्रकाराची लागण असते. जगातल्या पुरुषांचा तिसरा हिस्सा असभ्य आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?

मला हे वाक्य झोंबलं, लपवत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मला तिथे चामखिळी आल्या. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहायचो. दोघांच्याही आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं, असं मी आजही सांगतो. तुम्ही विश्वास ठेवा, न ठेवा. घराजवळ कुणी बघेल म्हणून लोकल पकडून लांबच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासायच्या आधी विचारलं, ‘कुठे कुठे जाता?’ मी उठून घरी आलो आणि कित्येक महिने कुणालाच दाखवलं नाही. तुमचं वाक्य वाचताना तोच आवाज कानावर आला. अशा चामखिळींपैकी सुमारे नव्वद टक्के या विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात. त्यांतून सहसा कॅन्सर होत नाही. हे मला त्या दिवशी कुणी शांतपणे सांगितलं असतं, तर इतक्या रात्री वाया गेल्या नसत्या. तेव्हा ‘सांगून काय मिळवलंत’ हे निदान मला तरी विचारू नका.

‘बायकांचा आजार’ म्हणता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे याचं नाव झालं, आणि हा संबंध शोधून काढल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेलही मिळालं. पण प्रकार १६ पुरुषाच्या घशात, टॉन्सिलपाशी, जिभेच्या मुळाशीही कॅन्सर करतो. गुदद्वाराचे बहुतेक आणि शिश्नाचे जवळपास निम्मे कॅन्सर या विषाणूशी जोडलेले आहेत. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. पण तुम्ही तिथवर वाचलं असेल तर ना! बायकांना गर्भाशयमुखाची तपासणी तरी करून घेता येते. पुरुषांसाठी अशी नेहमीची चाचणीच नाही.

तंबाखू? जरूर लिहीन. एक आग लागली म्हणून दुसरीकडे बघायचं नाही, असा काही नियम नाही.

मी डॉक्टर नाही. तुम्हीही नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून शाळेतल्या मुलग्यांनाही ही लस द्यायला सुरुवात केली, ती माझ्यासारख्या ब्लॉगवाल्याचं ऐकून नव्हे. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ही लसही मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे.

तुमचा मुलगा नववीत, म्हणजे चौदाचा असावा. पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत भागतं, पुढे तीन लागतात. झालेली लागण ही लस बरी करत नाही, म्हणून ती आधी घ्यायची असते. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका. बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा. या वेळी नावासकट.