"डीमध्ये टाका आणि निघा": जुन्या ऑटोमॅटिकला ट्रेलर लावण्याआधी

जुन्या एसयूव्ही वापरणाऱ्यांत एक मजकूर खूप फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही "बघ, किती सोपं आहे" असं म्हणून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: "जुनी एसयूव्ही म्हणजे शिडीसारख्या चॅसीवरची लोखंडी गाडी, छोटा ट्रेलर तिला जाणवतही नाही. ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) टाका आणि निघा, गिअरचं गाडी बघते. तापमानाचा काटा मध्यावर असेल तर काळजी नको. गिअरबॉक्सचं तेल जुनं असेल तर हात लावू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो. आणि फारच धाकधूक वाटत असेल तर गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा मोठा कूलर लावा, मग काहीही ओढा."

यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं आहे, म्हणून ते पटतं. पण हेच वाचून ट्रेलर जोडणाऱ्या माझ्या एका ओळखीच्याचा गिअरबॉक्स तिसऱ्या फेरीतच गेला. चढावर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, अशा अवस्थेत त्यानं मला फोन केला होता. गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी तिथे होतो. क्लचची चकती हातात घेतली तर घर्षणाचा थर काळ्या पापुद्र्यासारखा बोटाला सुटून आला. शेजारची पोलादी चकती निळी पडली होती, आणि पोलाद असं निळं पडायला जवळपास 300 अंश सेल्सिअस लागतात. ती निळाई बघितल्यापासून हा मजकूर कुणी पुढे पाठवला की मला गप्प बसवत नाही.

"लोखंडी गाडी आहे, छोटा ट्रेलर जाणवतही नाही"

चॅसी मजबूत असते हे कबूल. पण ट्रेलर ओढायची ताकद इंजिनातून चाकांपर्यंत गिअरबॉक्समधून जाते, आणि गिअरबॉक्स थंड ठेवायला चॅसी काही करत नाही. याचं एक उत्तम उदाहरण म्हणजे जीप चेरोकीचं एक्सजे मॉडेल. तिला वेगळी शिडीसारखी चॅसी नव्हतीच, बॉडी आणि सांगाडा एकत्रच होता. तरी 4.0 लिटर इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ट्रेलर पॅकेज असलेल्या गाडीला 5000 पौंड, म्हणजे सुमारे 2270 किलो ओढायची परवानगी होती. त्याच इंजिनाच्या हाती गिअरवाल्या गाडीला मात्र 2000 पौंड, म्हणजे 900 किलोच. ऑटोमॅटिक मुळातच नाजूक असतो असं मी म्हणत नाहीये, हे यावरून लक्षात यावं. गाडी सुरू होताना टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) ओढ वाढवून देतो, तिथे तो हाती गिअरपेक्षा सरस ठरतो. फक्त त्या पॅकेजमध्ये जादा कूलिंग होतं, आणि ओढण्याच्या आकड्यामागे त्याचाही हात होता. तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तो कुठल्या इंजिनासाठी, कुठल्या गिअरबॉक्ससाठी आणि ट्रेलर पॅकेजसह की त्याशिवाय, हे नीट वाचा.

"छोटा" हा शब्दही फसवा आहे. माणसं ट्रेलर लांबीनं मोजतात, गिअरबॉक्सला वजन आणि उंची कळते. उंच पेटीसारखा रिकामा ट्रेलर हवेला जो अडथळा करतो तो सामान भरलेला बुटका उघडा ट्रेलर करत नाही. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग 80 वरून 100 वर नेला तर रोध दीडपटीहून थोडा जास्त होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. ट्रेलर तोच, रस्ता तोच, तरी गिअरबॉक्सचा दिवस पूर्ण वेगळा.

नाकाच्या वजनाबद्दल एवढंच सांगतो: जोडाच्या गोळ्यावर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा तरी यावा असा रूढ नियम आहे, काही ठिकाणी नियम आणि हिच (गाडीमागचा ट्रेलर अडकवायचा जोड) त्याहून कमी मागतात, तेव्हा आपल्या हिचवरचा आकडा पाळा. फार कमी झालं तर ट्रेलर मागे झुलायला लागतो. आणि ते वजन गाडीतल्या माणसा-सामानाच्या मर्यादेतून वजा होतं, हे बरेच जण विसरतात.

"डीमध्ये टाका, गिअरचं गाडी बघते"

खरा घात इथे होतो.

त्या काळातल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ट्रेलर जोडलाय हे कळायला मार्ग नाही. ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडीचा वेग किती आहे, मुख्यतः एवढ्यावरच तो निर्णय घेतो. थोडा वेग आला की तो चौथ्यात, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये जातो. चौथ्याचं गुणोत्तर 0.7 च्या आसपास असतं, म्हणजे इंजिनाच्या 0.7 फेरीत गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा पूर्ण एक फेरी फिरतो; मोकळ्या गाडीला पेट्रोल वाचवायला ते छान. ट्रेलर असताना जरासा चढ आला की इंजिनाला ते झेपत नाही, गिअर तिसऱ्यावर उतरतो, वेग सावरतो, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. प्रत्येक बदलात आतले क्लच क्षणभर घासतात.

त्याहून मोठं नुकसान कानाला ऐकूच येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि त्यात ताकद एका बाजूकडून दुसरीकडे नेण्याचं काम तेल करतं. दोन्ही बाजूंच्या फिरण्यात जेवढा फरक पडतो तेवढी ताकद तेलात उष्णता होऊन मुरते. सपाटीवर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, फरक शून्य होतो. पण चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की आधी सुटतो तो हाच लॉक-अप.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. गाडी आणि ट्रेलर मिळून 2800 किलो, चढ सहा टक्के, वेग 60. नुसतं वर चढायलाच सुमारे 27 किलोवॉट लागतात. हवा आणि टायरचा रोध धरून 35 म्हणू. कन्व्हर्टर दहा टक्के घसरत असेल तर साडेतीन किलोवॉट सरळ तेलात जातात. पाणी उकळायची विजेची किटली साधारण दोन किलोवॉटची असते. म्हणजे आठ-नऊ लिटर तेलात जवळजवळ दोन किटल्या अखंड चालू. ती सगळी उष्णता एकट्या तेलानं घेतली तर सव्वादोन मिनिटांत तेल 30 अंशांनी तापेल. प्रत्यक्षात आजूबाजूचं लोखंड आणि कूलर त्यातली बरीच उचलतात, पण चढ दोन मिनिटांत संपत नाही.

उपाय गाडीतच बसवलेला असतो. गिअरच्या दांड्यावरचं ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण दाबा, किंवा दांडा डीच्या खाली तिसऱ्यावर आणा. चढ सुरू व्हायच्या आधी, धाप लागल्यावर नव्हे. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवरून 2850 च्या आसपास जाईल आणि आवाज वाढेल. या आवाजाला घाबरूनच लोक पुन्हा ओव्हरड्राइव्ह लावतात. घाबरू नका. धडधाकट इंजिनाला तीन हजार फेऱ्या काहीच नाहीत. तिसऱ्यात ओढ हलकी पडते, बऱ्याच गिअरबॉक्सांत लॉक-अपही टिकून राहतो, आणि तेलाचा पंप जोरात फिरल्यानं कूलरमधून तेल जास्त वाहतं.

माझ्या गाडीत तेलाच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवल्यावर पहिल्याच लांब चढावर हे डोळ्यांनी दिसलं. चौथा-तिसरा असा खेळ चालू होता आणि आकडा 104, 109, 114 असा चढत होता. 118 ला मी बटण दाबलं. आवाज वाढला, आकडा थबकला, मग अगदी सावकाश उतरायला लागला. माथ्यावर पोचलो तेव्हा 103 होता. गाडी तीच, ट्रेलर तोच, वेगही जवळपास तोच.

सपाट रस्त्यावर, हलका ट्रेलर, समोरून वारा नाही, अशा वेळी ओव्हरड्राइव्ह लावायला माझी हरकत नाही, पण पुस्तकात स्पष्ट मनाई नसेल तरच. आणि मिनिटभरात दोनदा गिअर बदलला की लगेच बंद. उतारावरही तिसरा किंवा दुसरा ठेवा, म्हणजे गाडी इंजिनावर रोखली जाते आणि ब्रेक तापत नाहीत.

वर्दळीत चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा. चाकं थांबलेली आणि रेस चालू, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद तेलात. तेल तापलेलं असेल आणि बराच वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक धरा आणि इंजिन चालू ठेवा. न्यूट्रलच, पार्क नव्हे, कारण काही जुन्या गिअरबॉक्सांत पार्कमध्ये असताना कूलरकडे तेल जातच नाही. चढावर ट्रेलर रिव्हर्स ढकलणंही असंच जीवघेणं काम आहे: वेग नाही, समोरून वारा नाही, कन्व्हर्टर सतत घसरतोय. खाली माती किंवा खडी असेल आणि गाडीला लो-रेंज (फोर-व्हील गाडीतली कमी वेगाची, जास्त ओढीची गिअरजोडी) असेल तर ती वापरा.

"काटा मध्यावर आहे ना, मग झालं"

डॅशबोर्डवरचा तो काटा इंजिनाच्या पाण्याचा आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचा नाही. माझ्या 118 अंशांच्या वेळीही तो बरोबर मध्यावर होता. अनेक गाड्यांत तर तो मुद्दाम असा बसवलेला असतो की पाण्याचं तापमान बऱ्यापैकी खालीवर झालं तरी जागा सोडत नाही. गिअरबॉक्सच्या तेलाचा इशारा देणारा दिवा अनेक जुन्या गाड्यांत नसतोच. जिथे असतो तिथे तो लागेपर्यंत तेलाचं बरंच आयुष्य संपलेलं असतं.

या क्षेत्रातल्या लोकांचा ठोकताळा असा की 80 अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना तेलाचं आयुष्य अर्धं होतं. या हिशेबानं 110 अंशांवर चालणारं तेल आठव्या हिश्श्याएवढंच टिकतं. ठोकताळा आहे, काटेकोर नियम नव्हे, पण दिशा अगदी खरी. म्हणून ट्रेलरवर खर्च करायच्या आधी तेलाच्या तापमानाचा मीटर बसवा. काही गाड्यांत निदानाच्या सॉकेटला रीडर जोडला की आकडा मिळतो. नसेल तर पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, सेन्सर लावून घ्या.

"जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो"

ही समजूत कुठून आली ते मला समजतं. गिअर घसरायला लागतो, मग माणूस घाबरून तेल बदलतो, आणि महिनाभरात गिअरबॉक्स जातो. तो आधीच गेलेला होता, आळ मात्र नव्या तेलावर येतो. झिजलेल्या चकत्यांची पूड तेलात तरंगत असते आणि तिच्या आधारानं थकलेला क्लच थोडे दिवस धरून राहतो, एवढं त्यात तथ्य आहे. पण अशा गिअरबॉक्सला ट्रेलर लावायचाच नाही. तो तेल न बदलल्यानं बरा होणार नाही.

आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढा. बहुतेक गाड्यांत तेल गरम आणि इंजिन चालू असताना बघायचं असतं, काहींत इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये, ते पुस्तकात असतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवा आणि थांबा. लालसर डाग एकसारखा पसरला तर छान. तपकिरी असेल पण वास नसेल तर बदलायची वेळ झाली. मध्ये काळा ठिपका, कडेला फिकट वलय आणि जळका वास असेल तर ट्रेलर विसरा, आधी जाणत्या मेकॅनिककडे जा. डाग दुधाळ गुलाबी दिसला तर गाडी चालवूच नका, रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय.

बदलताना मशीननं दाब देऊन धुण्यापेक्षा पॅन सोडून, फिल्टर बदलून, जेवढं निघतं तेवढंच बदला. कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं, त्यामुळे एका वेळी साधारण 40 टक्के निघतं असं धरा. मध्ये थोडं चालवून असं तीनदा केलं की जवळपास 78 टक्के तेल नवं होतं, आणि गिअरबॉक्सला एकदम धक्का बसत नाही. पॅनमधल्या लोहचुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणं नेहमीचं आहे. चमकणारे तुकडे दिसले तर मात्र तिथेच थांबा. आणि तेल पुस्तकात लिहिलंय त्याच प्रकारचं, कारण घर्षणाचे गुण प्रत्येक प्रकारात वेगळे असतात.

"मोठा कूलर लावा, मग काहीही ओढा"

कूलर लावाच, मी स्वतः लावलाय. पण तो फक्त उष्णता काढतो. ट्रेलरचे ब्रेक, हिचची मर्यादा, मागच्या स्प्रिंगा, झिजलेले क्लच यांपैकी कशालाही तो हात लावत नाही. पुस्तकातला ओढण्याचा आकडा कूलर बसवल्यानं वाढत नाही.

आणि कूलर लावताना रेडिएटरकडे दुर्लक्ष होतं. मूळचा कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीच्या आत असतो. पंधरा-वीस वर्षांचा रेडिएटर आतून कुजला की पाणी आणि कूलंट तेलात मिसळतात, आणि चकत्यांवरचा घर्षणाचा थर ज्या गोंदानं चिकटवलेला असतो तो सुटायला लागतो. म्हणून रेडिएटर मूळचाच असेल तर ट्रेलर लावायच्या आधी तो बदलावा असं माझं ठाम मत आहे. जादा कूलर त्याच्यानंतर जोडा: गरम तेल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून आणि मग परत गिअरबॉक्सकडे.

जोडून झाल्यावर इंजिन चालू करा, दांडा सगळ्या गिअरांतून एकदा फिरवा आणि डिपस्टिक पुन्हा बघा. नवा कूलर आणि नळ्या भरताना पातळी खाली जाते. तेवढं तेल न भरता निघालात तर सपाटीवर काही कळणार नाही. पहिल्या लांब चढावर पॅनमधलं तेल मागे सरकेल, पंप तेलासोबत हवा ओढेल, दाब पडेल आणि क्लच घसरायला लागतील. माझ्या त्या ओळखीच्याच्या पॅनमधून निघालेलं तेल मोजलं होतं. ते जवळपास लिटरभर कमी भरलं, आणि कूलर त्यानं जेमतेम महिन्यापूर्वी बसवला होता.