'झोपू दे त्याला' याबद्दल, काका

काका, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, दारू जास्त झालेल्याला कसं सांभाळायचं हे सांगून मी पिणाऱ्यांचे लाड करतोय. तुमच्या मते, लिंबूपाणी पाजून, डोक्यावर गार पाणी ओतून झोपवलं की सकाळी माणूस ताळ्यावर येतो. आणि खरं औषध एकच, पंढरीची माळ.

लाडाचं म्हणाल तर, गावातल्या बायका दारूचं दुकान हटवायला उभ्या राहतात तेव्हा मी त्यांच्याच बाजूनं असतो. पण ओसरीवर बेशुद्ध पडलेल्याचा हिशेब करायची ती वेळ नव्हे.

लिंबूपाण्याचं मात्र मनाला लागलं. कर्नाटकातल्या खानापूरकडच्या एका वरातीनंतर माझ्या चुलतभावाला ते पाजणारा मीच होतो. उताणा झोपवला, घोरायला लागला, 'लागली झोप' म्हणून आम्ही जेवायला गेलो. उलटी झाली ती छातीत गेली. वाचला नाही.

ती झोप नव्हती, काका. गुंगीत गिळायचं, खोकायचं भान राहत नाही, पाजलेलं श्वासनळीत उतरतं. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच असते, म्हणून झोपवल्यावरही नशा चढू शकते. लिव्हर आपल्याच गतीनं चालतं, लिंबू, ताक, कॉफीनं ते पळत नाही. गार पाण्यानं अंग आणखी थंड पडतं. हाक मारून, खांदा हलवून जाग येत नसेल तर तेवढ्यावरच १०८ लावा. फोनवर कन्नड आलं म्हणून बिचकू नका, 'एच्चर इल्ला, उसिराट सरी इल्ला' (शुद्ध नाही, श्वास नीट नाही) एवढं पुरतं. मग कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं, तोंड जमिनीकडं. ओकारी मुद्दाम काढू नका. शेजारी बसून श्वास मोजा. मिनिटाला ८ पेक्षा कमी, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड, ओठ निळसर, यातलं काहीही दिसलं तर पुन्हा फोन करून सांगा. श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

हातभट्टीची घेतली असेल आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं धुकं आलं, तर दारू उतरतेय असं समजून घरी बसू नका. अशा दारूत कधी कधी असणाऱ्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा असर १२ ते २४ तासांनीही दिसतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

आता माळ. ती घालून सुटलेली माणसं मीही पाहिलीत. पण वर्षानुवर्षं सकाळी उठल्याबरोबर लागणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, घाम, भिंतीवर किडे दिसणं. आपल्याकडं त्याला बाहेरची बाधा म्हणतात, अंगारा लावतात, आणि माणूस हातचा जातो. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, तुमच्यामुळं लक्षात आलं. तुमच्या ओळखीत कुणी येत्या एकादशीला माळ घालणार असेल तर आधी त्याला सरकारी दवाखान्यात न्या. रोज किती घेतो, किती वर्षं घेतो, ते डॉक्टरांना खरं सांगा. हे दिवस निभावून न्यायला त्यांच्याकडं औषधं असतात.