हवेतले किलोमीटर, जमिनीवरचे तास

दोन आडबाजूच्या विमानतळांमधील अंतर विचारले, की संगणक पापणी लवायच्या आत उत्तर देतो. पुढे प्रवाशाचे जे काही हाल होतात, त्यांची जबाबदारी मात्र तो घेत नाही. परवा मी अशाच दोन विमानतळांची तीन-तीन अक्षरी सांकेतिक नावे भरली, तेव्हा पडद्यावर उमटले : अंतर 412 किलोमीटर, उड्डाणाचा वेळ 1 तास 1 मिनिट. त्यातल्या शेवटच्या एका मिनिटाचे मला फार कौतुक वाटले.

हा हिशेब तसा सोपा असतो. पृथ्वीच्या गोलावरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग मोजायचा, त्याला ताशी 800 किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास वर घालायचा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा सुमारे 2.7 किलोमीटरचा विमानप्रवास दोन मिनिटांत आटोपतो, आणि वारा अनुकूल असेल तर मिनिटाच्या आतच. पण या सूत्राला विचाराल, तर तिथेही अर्धा तास धरून चाला, असेच उत्तर येईल.

माझ्या 412 किलोमीटरांची गोष्ट उलटी होती, कारण त्या दोन ठिकाणांमध्ये थेट विमानच नव्हते. आधी विरुद्ध दिशेच्या मोठ्या शहरात जायचे, तिथे लोखंडी खुर्चीवर रात्र काढायची आणि सकाळी जवळजवळ त्याच आकाशातून परत यायचे, असा तो काखेत कळसा आणि गावाला वळसा होता. शिवाय शेवटच्या टप्प्याचे विमान पंख्यांचे आणि छोटे. खिडकीवरच्या गृहस्थांनी आधी माझी बॅग तोलली, मग अत्यंत अदबीने विचारले, "आता आपणही काट्यावर उभे राहता का?" मागच्या रांगेने माझा आकडा एकदिलाने वाचला. मग त्याच गृहस्थांनी पिवळे जाकीट चढवले, सामानाची गाडी ढकलत विमानापर्यंत नेली आणि परत येऊन, ढग उतरल्यामुळे उड्डाण लांबल्याची घोषणाही स्वतःच केली. पंधरा माणसांच्या त्या खोलीत त्यांनी ध्वनिक्षेपक का वापरला, हे मला अजून कळलेले नाही.

अशा ठिकाणी वेळ विमानाच्या वेगावर नव्हे, तर वेळापत्रकातल्या वारावर ठरतो. दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेनाला 2017 साली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा असेन्शन बेटाकडे जाणारे विमान महिन्यातून एकदाच ठेवण्यात आले. अंतर सुमारे 1,300 किलोमीटर, म्हणजे सूत्राप्रमाणे दोन तासांहून थोडे अधिक. चुकले, तर महिनाभर अधिक.

सर्वांत गंमत प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाची आहे. या देशाने 30 डिसेंबर 2011 हा दिवस दिनदर्शिकेतून गाळला आणि तो आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या, म्हणजे जी ओलांडली की तारीख एका दिवसाने बदलते त्या रेषेच्या, पलीकडे गेला; शेजारचे अमेरिकन सामोआ अलीकडेच राहिले. त्यामुळे सामोआतल्या आपियाहून मंगळवारी सकाळी निघालेला माणूस जेमतेम दीडशे किलोमीटर उडून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला सोमवारी सकाळी उतरतो. वेळेची एवढी बचत दुसरीकडे कुठेही होत नसेल, पण हॉटेलवाल्याला तारीख आधीच नीट सांगून ठेवावी, कारण सोमवारची रात्र पुन्हा काढावी लागते आणि तिचे भाडे वेगळे पडते.