अनंताच्या नावाबद्दल खुलासा

अनंताला 'गार्डेनिया' म्हणतात, कारण तो 'गार्डन'मध्ये म्हणजे बागेत फुलतो, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. इथे गार्डन हे आडनाव आहे! डॉ. अलेक्झांडर गार्डन, मूळचे स्कॉटलंडचे, अमेरिकेत चार्ल्सटनला डॉक्टरकी करणारे आणि झाडांचे अभ्यासक. लंडनचे निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी या झाडाला डॉ. गार्डन यांचं नाव द्यावं, असा आग्रह लिनियसकडे, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाकडे धरला. अनंताच्या शास्त्रीय नावापुढे 'एलिस, १७६१' अशी नोंद असते, ती कुणालाही पडताळता येईल. आणि गार्डेनिया फक्त बागेतलाच कुठे? काष्ठौषधीच्या दुकानात उग्र वासाचा डिंक मिळतो ना, ती डिकेमालीही गार्डेनियाच, आपल्या रानातली. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.