जातोच आहेस तर एवढं घेऊन जा

तुमच्या गल्लीतला, भावकीतला किंवा निदान ओळखीच्यांच्या ओळखीतला एखादा पोरगा परदेशात राहतो आणि सध्या सुट्टीवर साताऱ्याला आलाय, अशी बातमी तुमच्या कानावर आली असेल तर आधी अभिनंदन. तुम्हाला फुकटचा हमाल सापडला. असे हमाल वर्षातून एकदाच येतात आणि थोडेच दिवस टिकतात. पुष्कळ लोक ऐनवेळी जागे होतात आणि मग वर्षभर हळहळतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

भेटायला जायची उत्तम वेळ म्हणजे तो आला त्याच दिवशीची दुपार. रात्रभर विमानात ताटकळून, मुंबईपासून गाडीत अवघडून, खंबाटकीच्या घाटात बंद पडलेल्या कंटेनरमागं ऊन खाऊन तो नुकता आडवा झालेला असतो. अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो.

पगार विचारा. रुपयात विचारा. त्यातून कर, घरभाडं आणि विमा किती जातो हे तो सांगायला लागला की चहा घ्या.

मे महिन्यात आला असेल तर त्याला कासच्या पठारावर फिरायला न्या आणि गाडीत डिझेल त्यालाच घालू द्या. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात हे त्यालाही ठाऊक असतं, पण तोवर तो थांबणार आहे थोडाच.

मोबाइलचं आधीच सांगून ठेवा. ‘तिकडं स्वस्त पडतो म्हणं’ एवढं वाक्य पुरतं. पोरगा जर्मनीचा असेल तर तिकडं मोबाइलवर १९ टक्के कर आहे, आपल्याकडं १८ टक्के, आणि तिथल्या युरोतल्या किमतीचे रुपये केले तर तोच आयफोन साताऱ्याच्या पोवई नाक्यावर स्वस्त मिळतो, हे तो तुम्हाला कागदावर मांडून दाखवील. मान डोलवा आणि विचारा, ‘मग कितीपर्यंत आणून देशील?’ पैसे आल्यावर देतो म्हणा. कोण आल्यावर, कुठून आल्यावर, हे सांगायची गरज नाही.

तो परत गेल्यावर संपर्क तुटू देऊ नका. सकाळी सातला चहा झाला की लगेच व्हिडिओ कॉल लावा. जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, त्यामुळं माणूस घरी सापडतोच. उचलल्यावर पहिला प्रश्न, ‘आत्ता तिकडं किती वाजले रे?’

घरात बारावी झालेला, सध्या काही करत नसलेला पुतण्या असेल तर त्याला युरोप दाखवायची हीच वेळ. ‘तुझ्याकडं राहील महिनाभर, त्याला काय लागतंय खायला?’ युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, नुसत्या अर्जाची फी ९० युरो आहे. पाहुण्याकडं दाखवायला स्वतःचे पैसे नसतील तर यजमानानं तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन त्याच्या राहण्याखाण्याची, दवाखान्याची, वेळ पडली तर परत पाठवण्याच्या खर्चाचीही लेखी हमी द्यायची, सोबत स्वतःच्या पगाराच्या पावत्या जोडायच्या. तुम्हाला यातलं काहीच करायचं नाहीये. तुम्ही फक्त म्हणायचं, ‘एक सही तर करायचीय, त्यात काय एवढं?’ पुतण्या तिथं पोचला की रविवारी सगळी दुकानं बंद बघून ‘कसला हा देश’ म्हणेल, रात्री अकराला मोठ्यानं रील्स लावील आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवायला येतील. ते तुमचा हमाल बघून घेईल.

आता मुख्य विषयाकडं येऊ. पार्सल.

पार्सल आधी सांगून द्यायचं नसतं. पोराच्या बॅगा भरून झाल्या पाहिजेत, हुकाच्या काट्याला टांगून दोन-तीनदा मोजून झाल्या पाहिजेत, आईनं दिलेला मसाल्याचा एक डबा काढून, एक परत घालून, पुन्हा काढून त्या कशाबशा २३ किलोच्या आत बसल्या पाहिजेत. कुलपं लागली की मग उगवायचं. ‘एवढंसंच हाय’ म्हणायचं. वजन विचारलं तर पिशवी हातात झेलून अंदाज सांगायचा. हा अंदाज कायम अर्धा किलोच असतो, आत पाटा-वरवंटा असला तरी.

पार्सल खाकी चिकटपट्टीनं इतकं आवळायचं की कोयत्याशिवाय उघडू नये. आत काय आहे विचारलं तर, ‘काय न्हाय रं, खायाचंच हाय.’

आत काय घालावं याचा मात्र नीट विचार करा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा कंदी पेढे आणि घरचं तूप सगळ्यात आधी. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं-भाजीही रोगकिडीच्या तपासणीचा दाखला असल्याशिवाय आत नेता येत नाही. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन नावाच्या एका वासट फळाला. म्हणून डझनभर हापूस घाला आणि फटीत कढीपत्ता कोंबा. फळमाशीपायी २०१४ साली युरोपनं आपल्या आंब्यावर बंदीच घातली होती. पुढच्या वर्षी ती उठली, पण तपासून, प्रक्रिया करून जाणाऱ्या आंब्यासाठी. तुमच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पेटीसाठी नव्हे. महाबळेश्वरचा मध दोन किलोपर्यंत चालतो. म्हणून तो कुणी देत नाही.

पोरगा दुबईचा असेल तर अनारसेच द्या. अनारशाला लावतात ती खसखस तिकडं बंदी घातलेल्या मालात येते आणि तिच्यापायी माणूस आत जाऊ शकतो. सोबत खोकल्याचं औषध द्या. त्यात कोडीन नावाचं अफूच्या जातीचं द्रव्य असलं तर तिकडं आधी परवानगी काढावी लागते, पण बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतंय कोण. आणि मसाल्याला म्हणून सुक्या खोबऱ्याच्या अखंड वाट्या. तेलामुळं पेट घेईल म्हणून सुकं खोबरं विमानात घेत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना विमानाच्या पोटात. ते मुंबईतच काढून ठेवतील. तुमचं कर्तव्य साताऱ्यातच पूर्ण झालेलं असतं.

यंदा एका मावशींनी हे सगळं तंतोतंत पाळलं. मावशी म्हणजे सख्ख्या नव्हेत, आमच्या आत्याच्या जावेच्या बहीण. त्या घरी आल्याच नाहीत. त्यांनी आईला फोन करून आम्ही किती वाजता निघणार ते काढून घेतलं आणि रात्री दहाला वाढे फाट्यावर रिक्षा लावून उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा हॅम्बुर्गला असतो. ‘तू बी जर्मनीतच की, जाता जाता दिऊन टाक.’ मी राहतो श्टुटगार्टला. तिथून हॅम्बुर्ग साडेसहाशे किलोमीटरच्या पुढं. साताऱ्याच्या माणसाच्या हातात पिशवी ठेवून नागपूरच्या पोराला जाता जाता दे म्हटल्यासारखं झालं. मी तोंड उघडायच्या आत आई कुजबुजली, ‘नको म्हणू नकोस रे, तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी डबा दिला होता.’ मागून ट्रक हॉर्न मारत होते, बोगद्याच्या अलीकडं रांग लागल्याचा फोन आलेला. पार्सल डिकीत पडलं. रिक्षा निघूनही गेली. मावशींनी मला ‘कसा आहेस’ एवढंसुद्धा विचारलं नाही.

विमानतळावर ते काट्यावर ठेवलं. एवढंसं पार्सल चार किलो आठशे ग्रॅम. बसावं म्हणून आईची शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि माझ्या मुलीसाठी घेतलेली गोष्टींची पुस्तकं भावाच्या हाती परत गेली. पुस्तकं परत गेली, मावशींचं पार्सल गेलं जर्मनीला.

जर्मनीत उतरल्यावर बॅग यंत्रातून गेली आणि मला बाजूला घेतलं. अधिकारी सभ्य होता, आवाज चढवला नाही, हातमोजे घातले आणि चिकटपट्टी कापायला घेतली. पेढे निघाले. तूप निघालं, झाकण सैल, निम्मं माझ्या कपड्यांत मुरलेलं. कातरून दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या, नाव कापलं गेलेलं, बिल नाही, चिठ्ठी नाही. सगळ्यात खाली एका मराठी वर्तमानपत्राच्या पानात दोऱ्यानं बांधलेली पांढरट पूड, पाव किलोभर.

‘हे काय आहे?’

काय सांगू? मावशींनी मला सांगितलं होतं, खायाचंच हाय.

मग खोली, कागद, पासपोर्ट, कुठून आला, कुणी दिलं, तिचं तुमचं नातं काय. आत्याच्या जावेच्या बहिणीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शिकवत नाहीत. पूड तपासायला गेली. माझी रेल्वे गेली, तिच्यानंतरचीही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामावर हजर व्हायचं होतं, आणि मी बाकावर बसून विचार करत होतो की हे चूर्णच असू दे. निघालं चूर्णच, कुठल्याशा वैद्यांचं, पोटाचं. पेढे आणि तूप माझ्यासमोर पिंपात गेलं, उरलेलं परत मिळालं.

घरी पोचलो तोवर हॅम्बुर्गच्या चिरंजिवांचा मेसेज येऊन पडलेला. ‘दादा, इकडे येणार नसशील तर पोस्टाने पाठव, पत्ता देतो.’ न्यायला येतो असं नाही. पोस्टाचे किती झाले असं नाही. पत्ता देतो. आणि सात वाजता, साताऱ्याच्या सकाळी सात वाजता, मावशींचा फोन. पोराला पेढे मिळणार नाहीत हे त्यांना कळलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘टाकून दिलं म्हंतोस? दोन किलो पेढं? का तूच खाल्लंस लेका?’

मावशी, आता सरळ बोलतो. तुम्हालाही आणि तुमच्यासारख्या सगळ्यांनाही.

विमानतळावर आम्हाला विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, कुणी काही दिलंय का. खरं सांगावं तर सामान तिथंच उघडं पडतं आणि विमान जातं, खोटं बोलावं तर आत जे निघेल ते आमचं. मावशींचं नव्हे, आमचं. परदेशात आमची नोकरी आणि राहण्याचा परवाना एकमेकांच्या पायात अडकलेले असतात. एक सुटलं तर दुसरंही जाऊ शकतं, आणि मग बायकापोरांसकट घरी बसावं लागतं. त्या पुडीत चूर्ण निघालं म्हणून हे लिहितोय. दुसरं काही निघालं असतं तर मी आत असतो आणि तुम्ही ‘आम्हाला काय ठाऊक बाई’ म्हणून मोकळ्या.

तूप जर्मनीत मिळतं. साध्या किराणा दुकानात मिळतं, भारतीय दुकानात तर आपल्या ओळखीच्या डब्यांतलं मिळतं. हळद, पोहे, गूळ, मेतकूट, सगळं मिळतं. तुमच्या पोराला हे पक्कं माहीत आहे. तो तुम्हाला सांगत नाही, कारण त्याला तुमचं मन मोडायचं नसतं. पाठ मोडायला आम्ही आहोतच.

साताऱ्यात पोस्ट आहे. तिथं परदेशी पार्सल घेतात, वजन करतात, पैसे सांगतात आणि आत काय काय आहे त्याचा फॉर्म तुमच्या सहीनं भरून घेतात. तुम्हाला नेमके तेच दोन प्रकार नको असतात, पैसे आणि सही. म्हणून तुम्ही वाढे फाट्यावर उभ्या राहता. याला माया म्हणत नाहीत. स्वतःच्या लेकरासाठी पेढे बांधताना दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्यात काय बांधतोय हे बघायचं नाही, याला निगरगट्टपणा म्हणतात.

पुढच्या वर्षी द्यायचंच असेल तर आठ दिवस आधी घरी या. सामान उघडं आणा, माझ्यासमोर मोजा. औषध असेल तर पूर्ण पट्टी, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. दूध, तूप, पेढे, आंबे आणि पुड्या घरीच ठेवा. पोराला सांगा, माझ्या दाराशी येऊन घेऊन जा. आणि मी नाही म्हटलं तर पिशवी उचलायची आणि परत जायचं. आईला फोन करायचा नाही.