बेअरिंग गेलं? मशीन फेका!

ज्याच्या आधारानं वॉशिंग मशीनचा ड्रम फिरतो ते बेअरिंग जातं म्हणजे काय होतं? ड्रमच्या दांड्यावरचं (शाफ्टवरचं) रबरी सील झिजतं, साबणाचं पाणी आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंगमधल्या गोळ्या गंजतात आणि कपडे पिळताना मशीन घोंघावायला लागतं. उपाय काय, तर दोन बेअरिंग आणि एक सील. बेअरिंगही काही जगावेगळी नसतात. ६२०५, ६२०६ असले ठरलेले नंबर, कुठेही मिळणारे. जुन्या मशिनीत बाहेरचा टब दोन भागांचा असायचा, कडेनं स्क्रू. उघडा, जुनं बेअरिंग ठोकून काढा, नवं सरळ बसवा, सीलच्या ओठाला वॉटरप्रूफ ग्रीस लावा, बंद करा. संपलं.

आता बऱ्याच मशिनींत हे दोन भाग कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असतात. स्क्रू नाही, क्लिप नाही. बेअरिंग पाहिजे? मग ड्रमसकट अख्खा टब घ्या! त्याची किंमत आणि वर मजुरी ऐकली की कारागीरच म्हणतो, "सोडा हो, नवीनच घ्या." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हट्टी माणसं टबाचा जोड हॅकसॉनं कापतात, कडेला भोकं पाडून नटबोल्ट आवळतात, फटीत सिलिकॉन भरतात. चालतंही ते. पण मोटर ठणठणीत, ड्रम ठणठणीत, आणि स्वतःच्या पैशानं घेतलेलं यंत्र उघडायला करवत लागते?

एलईडी बल्बचं तेच. खोक्यावर १५,००० तास, २५,००० तास असं ठळक छापतात. ते आयुष्य बहुतेक वेळा उजेड देणाऱ्या इवल्याशा एलईडी चिपचं असतं, बल्बचं नव्हे. मरतो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपांना योग्य करंट पुरवणारं सर्किट, नाहीतर उष्णतेनं भाजलेली एखादी चिप. चिपा कमी घालायच्या आणि प्रत्येकीतून करंट जास्त सोडायचा, म्हणजे खर्च वाचतो. त्या तापतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य निम्म्यावर येतं. बंद काचेच्या दिव्यात तर विचारूच नका. शिवाय चिपा एकाच माळेत जोडलेल्या, त्यामुळे एक फुटली की अख्खा बल्ब काळोखात. करंट थोडा कमी ठेवला असता तर उजेड जरासा घटला असता आणि बल्ब कितीतरी वर्षं जास्त चालला असता. हे बनवणाऱ्याला माहीत नसतं असं कुणाला वाटतं का?

माहीत असतंच, आणि शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२४ मध्ये बड्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाची टोळी बांधली आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब होते. बल्बमधली तार जास्त तापवली की त्याच विजेत उजेड जास्त मिळतो, हा त्यांचा बचाव अगदीच खोटा नाही. पण मग ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड कशासाठी?

फोनची लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. हे रसायनशास्त्र आहे, त्यावर राग नाही. राग आहे तो हमखास झिजणारा भाग गोंदानं चिकटवून टाकण्यावर. ती बदलायची तर फोनची मागची काच गरम करा, पातळ पट्टीनं सोडवा, बॅटरीखाली आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू उचला. धातूचं काही घातलंत आणि सेलला भोक पडलं तर आग. कानात घालायच्या वायरलेस बड्समध्ये तर कवच फोडल्याशिवाय बॅटरी दिसतच नाही. आणि एवढं सगळं निभावून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग बसवला तरी काही फोन स्क्रीनवर इशारा झळकवतात, कारण भागाचा क्रमांक सॉफ्टवेअरनं मूळ बोर्डाशी बांधलेला असतो.

आता हे सगळं हिशेबात कसं दिसतं ते बघा. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीत घरगुती टिकाऊ वस्तू विकत घेतली त्याच वर्षी 'उपभोगली' असं धरतात. मशीन ५ वर्षं टिको की २०, आकड्याला फरक पडत नाही. घरच्या घरी बेअरिंग बदललंत तर सुट्या भागांची खरेदी मोजली जाते, तुमच्या मेहनतीची किंमत शून्य. नवं मशीन घेतलंत तर पूर्ण किमतीची भर. जुनं उचलून नेणाऱ्याचं बिल? तीही भरच! म्हणजे टब वितळवून जोडणारा अर्थव्यवस्था वाढवतोय आणि करवत घेऊन बसलेला अडवतोय. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत घडवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण जोखता येत नाही. तरी तिमाही आकडा आला की पेढे वाटल्यासारखी भाषणं सुरू.

पर्यावरणाचा विषय निघाला की मात्र बोट ग्राहकाकडे. पिशवी घरून न्या, चार्जर बंद करा, जुनं देऊन नवं 'कमी वीज खाणारं' घ्या. फार जुन्या फ्रिजच्या बाबतीत हे खरंही आहे, कारण तो आयुष्यभर वीज ओढत असतो. फोन-लॅपटॉपचं उलट आहे, त्यांचं बहुतेक प्रदूषण तयार होतानाच झालेलं असतं. तिथे बदलणं हेच नुकसान.

"रिसायकल होतं ना पण!" किती होतं? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. भरडणीत तांबं, सोनं, ॲल्युमिनियम हाती लागतं. चुंबकातला निओडिमियम नावाचा धातू मात्र बहुतेक वेळा लोखंडाच्या भंगारात मिसळून जातो.

कायदे होताहेत, नाही असं नाही. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. पण फोनची बॅटरी १,००० चार्जनंतरही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यापासून सुरक्षित असेल, तर गोंद चालेल. फ्रान्सनं २०२१ पासून दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापायला लावले. ते पाच निकषांची बेरीज असल्यानं दुरुस्तीची कागदपत्रं पुरवून मिळवलेले गुण चिकटवलेल्या बॅटरीवर पांघरूण घालतात. वॉशिंग मशिनीसाठी युरोपीय संघाचा नियम मार्च २०२१ पासून लागू आहे. विक्री थांबल्यावरही १० वर्षं सुटे भाग द्यायचे, आणि यादीत ड्रम आहे, बेअरिंगही आहे. त्यापुढे कंसात लिहिलंय: सुटे किंवा एकत्र.