भिडे वाडा आणि रिचमंडचा तुरुंग

पुण्यातला भिडे वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडला, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद अधूनमधून उसळतो. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 मध्ये जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा दुरुस्त करून राखायचा होता, की नवं स्मारकच बरं? मी व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे कुणीतरी मला ओढतंच: "तुमच्या अमेरिकेत बघ, इतिहास कसा जपतात!"

कसा जपतात, ते ऐका. इथल्या रिचमंड शहरात, शॉको बॉटम भागात, रॉबर्ट लम्पकिन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा तुरुंग होता. विक्रीला आणलेले गुलाम तिथे डांबत. लोकांनी त्याला नाव दिलं होतं 'सैतानाचा अर्धा एकर'. लम्पकिन मेला आणि जागा मेरीकडे आली. ही त्याचीच गुलाम, त्याच्याच मुलांची आई. 1867 मध्ये तिने ती एका पाद्र्याला भाड्याने दिली, मुक्त झालेल्या गुलामांच्या शाळेसाठी. आजच्या व्हर्जिनिया युनियन युनिव्हर्सिटीचं एक मूळ तिथलं. (सहाच वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना!)

अशा जागेवर पुढे काय? भराव, हायवे, पार्किंग. 2008 च्या उत्खननात खोल मातीखाली अंगणाची दगडी फरसबंदी आणि पाया सापडला, तोही पुन्हा बुजवला. जवळच्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या दफनभूमीवर 2011 पर्यंत गाड्या उभ्या राहायच्या. इथल्या काळ्या लोकांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे डांबर उखडलं. कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, सैनिकांच्या कबरींना सरकारी तिजोरीतून कित्येक दशकं पैसे मिळत होते. काळ्यांच्या दफनभूमींसाठी तसा कायदा झाला 2017 मध्ये.

त्यामुळे 'अमेरिकेकडून शिका' हे मला पटत नाही. शिकायचंच तर त्या पिच्छा पुरवणाऱ्यांकडून. भिडे वाड्याचं म्हणाल, तर खाली दुकानं, वर पडझड आणि कोर्टात तारखा, यातच तो आधी संपला होता. बुलडोझर उशिरा आला. आता स्मारकाच्या उंचीवर भांडण्यापेक्षा ग्रुपवरच्या पुणेकरांनी महापालिकेला एवढंच विचारावं: उद्घाटनानंतर दरवर्षी देखभालीला किती पैसे, आणि कोणत्या खात्यातून?